एक पाय हलल्यासारखा वाटला

भिंगरीला भिंगरी म्हणत, कारण ती एका जागी बसत नसे. तिच्या जिभेला तर त्याहून कमी विश्रांती होती. त्यात गेल्या काही आठवड्यांपासून तिला शिंगंच फुटली होती. वर्गात बाईंनी प्रश्न विचारायचा अवकाश, हिचा हात वर. उत्तर येत असो वा नसो, आधी हात वर, मग बघू! कारणही तसंच होतं. आंतरशालेय संशोधन मेळाव्यासाठी अख्ख्या शाळेतून एकच प्रकल्प जाणार होता, आणि तो तिचा आणि ढापणीचा होता.

ढापणी म्हणजे तिची जिवाभावाची मैत्रीण. चष्मा जाड, अक्षर मोत्यासारखं आणि बोलणं मोजकं. कामाची वाटणी सरळ होती: भिंगरीने बोलायचं, ढापणीने लिहायचं.

प्रकल्प होता पाणअस्वलावर. हे अस्वल टाचणीच्या टोकाहूनही लहान असतं. भिंतीवर ओल धरून वाढणाऱ्या मखमली शेवाळात राहतं. आठ पाय, प्रत्येक पायाला नख्या, आणि चाल अशी की जणू जेवण जास्त झालेले काका अंगणात शतपावली घालतायत. शेवाळ वाळलं की हे महाशय पाय आत ओढून घेतात, वाळक्या मनुक्यासारखे होतात आणि पडून राहतात. पाणी मिळालं की उठून पुन्हा शतपावली सुरू! दोघींनी शाळेच्या मागच्या भिंतीवरचं शेवाळ खरवडून आणलं होतं, वाळवलं होतं, भिजवलं होतं, आणि हे सगळं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. पण नुसत्या तेवढ्यावर प्रकल्प निवडला गेला नव्हता. तो निवडला गेला होता ढापणीने चार्टवर रंगवलेल्या ह्या शीर्षकामुळे:

शंभर वर्षांची झोप, आणि मग सकाळ!

मुख्याध्यापकांनी ते दोनदा मोठ्याने वाचलं होतं. दुसरे उमेदवार, म्हणजे सायकलवर वीज तयार करणारी मुलं, तिथेच हिरमुसली होती.

हे शंभर वर्षांचं प्रकरण आलं मामाच्या पुस्तकातून. मामा म्हणजे आईचा थोरला भाऊ, कॉलेजातून निवृत्त झालेला जीवशास्त्राचा प्राध्यापक. त्याचं सूक्ष्मजीवांवरचं पुस्तक कॉलेजात अजून वापरतात. त्यात स्वच्छ लिहिलं होतं की, संग्रहालयात शंभर वर्षं पडून राहिलेलं शेवाळ एका शास्त्रज्ञाने भिजवलं, तेव्हा पाणअस्वलं जिवंत होऊन चालू लागली. शेजारी छोटासा आकडा, आणि त्या आकड्याचं उत्तर पुस्तकाच्या शेवटी: शास्त्रज्ञाचं आडनाव, परदेशी नियतकालिक, वर्ष, पान. भिंगरीने हे सगळं जसंच्या तसं आपल्या संदर्भसूचीत उतरवलं. आजूबाजूचे आणखी काही संदर्भही उतरवले. सूची कशी भरल्या घरासारखी दिसली पाहिजे ना!

आणि तिथेच माशी शिंकली.

विज्ञानाच्या बाई चार्टवर खूश होत्या, पण सूची हातात आल्यावर त्यांनी एकेका ओळीवर बोट ठेवायला सुरुवात केली.

“हे वाचलंस?”

“हो बाई.”

“हे?”

“थोडंसं.”

“आणि हे? ही भाषा तुला कधीपासून यायला लागली?”

भिंगरीने ढापणीकडे पाहिलं. ढापणीने चष्मा पुसायला काढला. अडचणीच्या वेळी तिला नेहमी चष्मा पुसायचा असे.

“बाई, ते मामाच्या पुस्तकात आहे. मामाने वाचलंय. म्हणजे ते खरंच आहे.”

“असेल ना. मग लिही की, अमुक लेख, तमुक पुस्तकात उद्धृत. तुझ्या मामांच्या पुस्तकातून घेतलं ना? मग ते नाव पुढे यायला हवं. तू काय केलंस, दुसऱ्याच्या ताटातलं उचललंस आणि ताजं म्हणून वाढलंस. उष्टं असेल तर उष्टं म्हण. त्यात लाज नाही. लाज लपवण्यात आहे.”

“बाई, उष्टं काय!”

“शीर्षक त्याच एका ओळीवर उभं आहे तुमचं. ती ओळ कुठून आली हे तुला माहीत नाही. मेळाव्यात परीक्षकांनी विचारलं तर काय सांगशील, मामा म्हणतो म्हणून? जा, मूळ लेख मिळतो का बघ. मिळाला तर वाच. आधी कोणी काय लिहिलंय त्याचा आढावा नीट लिहून आण, मग मी सही करते. नाहीतर सायकलवाले तयारच आहेत.”

सायकलवाले म्हटल्यावर भिंगरीच्या पायाखाली कोणीतरी विस्तव ठेवल्यासारखं झालं. त्याच दिवशी शाळेच्या वाचनालयातून तिने त्या परदेशी नियतकालिकाचा शोध सुरू केला. ते कधीच बंद पडलं होतं. पण त्याचे जुने अंक एका दूरदेशीच्या संग्रहालयात होते. तिने पत्र लिहिलं, ढापणीने त्यातली उद्गारचिन्हं काढली, आणि बाईंच्या ईमेलवरून ते रवाना झालं. तिकडे कोण वाचणार आमचं, असं म्हणता म्हणता उत्तर आलंसुद्धा! “तुमची विनंती वाचून आनंद झाला. हा अंक आमच्याकडून बऱ्याच वर्षांत कोणी मागितलेला नाही,” आणि खाली लेखाच्या पानांची छायाचित्रं.

भिंगरीने पहिलं पान उघडलं आणि चक्क गप्प झाली.

कागद चहासारखा पिवळा. कडेला, पान धरणाऱ्या कोणाच्या तरी अंगठ्याचं टोक. आणि मधोमध एक चित्र. फोटो नव्हे, हाताने काढून मग छापलेलं. बारीक रेघांचं एक पाणअस्वल, आठ पाय, नख्या, अंगावरच्या वळ्या. भिंगरीने शाळेच्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलेलं अगदी हेच! हीच पाठ, हेच जाडगेले पाय. आजीसुद्धा जन्मली नसेल तेव्हा कोणीतरी ह्याच बाळाला असंच डोळा बारीक करून पाहिलं होतं, आणि पाहता पाहता पेन्सिल हातात घेतली होती.

“ढापणे,” ती हळूच म्हणाली, “हे खरंच कोणीतरी होतं गं.”

“म्हणजे?”

“म्हणजे मला वाटायचं, सूचीत नुसती आडनावं असतात.”

मजकूर मात्र डोक्यावरून गेला. फोनवरच्या भाषांतराला दाखवला, तर त्याने ताऱ्यांपलीकडची भाषा काढली: “ओल्या डुकरिणीने पायाविषयी शंका नोंदवली. मी बघत राहतो आहे.” दोघी पोट धरधरून हसल्या. मग भिंगरीला आठवलं की, ती भाषा घरात एकाला येते.

मामाने तरुणपणी त्या भाषेची परीक्षा दिली होती, आणि हे तो येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला सांगत असे.

“ये ये, भिंगरीबाई!” मामाने पानं हातात घेतली आणि चष्मा कपाळावरून नाकावर आणला. “मूळ लेख! अगं, ह्याला म्हणतात संशोधन. आमच्या वेळी एकेका लेखासाठी महिनोन्महिने वाट पाहायचो. आता बघ, कसा घडाघडा वाचतो.”

“घडाघडा?” मामी आतून म्हणाली. “त्या भाषेत ह्यांनी आयुष्यात एकदाच बोलायचा प्रयत्न केला. पाहुण्यांना ‘बसा’ म्हणाले, तर पाहुणे उठून निघून गेले.”

“त्यांची गाडी चुकत होती!”

“हो, तसंच असेल.”

मामाने घसा खाकरला. शब्दकोश शेजारी ठेवला, पण उघडला नाही. तो एक वाक्य मूळ भाषेत वाचायचा आणि मग मराठीत सांगायचा. भिंगरी लिहून घेत होती. जुनं शेवाळ संग्रहालयात कागदाच्या पुडीत होतं, ते कसं मिळालं, पुडीवर तारीख काय होती, पाणी कुठलं वापरलं, हे सगळं त्याने छान रंगवून सांगितलं. जणू तो स्वतःच तिथे उभा होता.

“वाळलेले प्राणी पाणी शोषून फुगले. लांब झाले. आरपार दिसू लागले.” मामाने पान उलटलं. “मी त्यांना दिवसभर पाहिलं. दुसऱ्या दिवशीही पाहिलं. त्यांतल्या एकाचा...”

तो थांबला. शब्दकोश उघडला. एक शब्द पाहिला, मिटला, पुन्हा उघडला.

“एकाचा काय, मामा?”

“एकाचा पुढचा पाय...” मामाचा आवाज खाली आला. “किंचित थरथरल्यासारखा मला वाटला.”

“आणि मग चालू लागला!”

“नाही.”

“नाही?”

“तो जीव होता, की नुसता पाण्याचा ओघ, हे मी सांगू शकत नाही. मी पाहतच राहिले. पुन्हा काही दिसलं नाही.” मामाने लेखाच्या शेवटी बोट ठेवलं. तिथे पूर्ण नाव छापलेलं होतं. “ही बाई आहे, भिंगरे. मी पुस्तकात ‘त्याने’ लिहिलंय.”

मामी हात पुसत दारात आली. “काय झालं? शब्द अडला?”

“एकही शब्द अडला नाही,” मामा म्हणाला.

भिंगरीचं पेन थांबलं. ज्या मामाच्या पुस्तकाला तिने सगळ्यात वरच्या फळीवर ठेवलं होतं, त्या मामाला ही भाषा येत होती. लेख मागवता आला असता. आणि त्याने तो कधी वाचलाच नव्हता! कोणा दुसऱ्याच्या पुस्तकातून ती ओळ उचलली असणार. त्या दुसऱ्याने तिसऱ्याकडून. एक पाय हलल्यासारखा वाटला, त्याचा कोणीतरी ‘हलला’ केला, कोणीतरी त्या एका पायाचे सगळे पाय केले, आणि मामाच्या पानापर्यंत येईस्तोवर अख्खी फौज चालायला लागली होती. बाई म्हणत होत्या तेच: पंगतभर उष्टं, आणि वाढणारा प्रत्येक जण म्हणतोय ताजं!

“एक करता येईल,” मामा खिडकीकडे बघत म्हणाला. “माझं पुस्तक सूचीतून काढून टाक. तू मूळ लेख मिळवलास, तोच दे. शीर्षक बदल. कोणाला काही विचारायचं कारण नाही.”

“म्हणजे तुमचं नाव बचावलं,” मामी म्हणाली.

 मामाचे कान लाल झाले होते. मोठ्या माणसांचेही कान लाल होतात, हे भिंगरी पहिल्यांदाच बघत होती, आणि तिला ते बघवेना.

“चालेल मामा,” ती पटकन म्हणाली. “मी तसंच लिहिते.”

तिने वहीत लिहायला घेतलं. पण लिहिणार काय? शंभर वर्षांची गोष्ट सगळीकडे सांगितली जाते, पण मूळ लेखात ती नाही, इथपर्यंत ठीक. सगळीकडे म्हणजे कुठे? कोणी सांगितली? तिला कोणी सांगितली? मामाला उचलून बाजूला ठेवलं की वाक्याचा एक पायच तुटायचा. तिने खोडलं, पुन्हा लिहिलं, पुन्हा खोडलं. डोळ्यांत पाणी यायला लागलं तशी तिने मान खाली घातली.

“शेवटचा परिच्छेद राहिला,” मामा इतक्यात म्हणाला. तो पुन्हा पानांकडे वळला होता. ह्यावेळी तो घडाघडा वाचत नव्हता. एकेक शब्द उचलून, फुंकर घालून खाली ठेवावा तसा वाचत होता. “ज्या कोणाकडे जुनं वाळलेलं शेवाळ असेल, आणि जो हे वाचेल, त्याला माझी विनंती आहे. त्याने पाहावं. आणि जे दिसेल ते छापावं. काहीच दिसलं नाही, तर तेही छापावं.”



भिंगरीची मान एकदम वर आली. म्हणजे ती बाई प्रश्न विचारून थांबली होती! जगभरच्या पुस्तकांनी तिचं नाव घेतलं, आकडा टाकला, पान क्रमांक टाकला, आणि तिने विचारलेलं कोणी ऐकलंच नाही. ती बिचारी हात पुढे करून उभी, आणि सगळे तिचा फोटो काढून निघून गेले.

मामा उठून आतल्या खोलीत गेला. कपाटाच्या वर काहीतरी सरकल्याचा, मग मामीच्या “पडाल हो, पडाल!”चा आवाज आला. तो बाहेर आला तेव्हा त्याच्या केसांवर धूळ होती आणि हातात बुटांचं खोकं. खोक्यात कागदाच्या पुड्या. प्रत्येकीवर त्याच्याच तरुणपणच्या किरट्या अक्षरात जागा आणि तारीख.

“मी विद्यार्थी असताना गोळा केलेलं,” तो म्हणाला. “शंभर वर्षांचं नाही. पण तुझ्या आईच्या लग्नाच्याही आधीचं आहे.” मग खुर्चीत बसत म्हणाला, “आणि तो परिच्छेद खोडलास ना, तो पुन्हा लिही. माझ्या नावासकट. आडनाव, वर्ष, पान, सगळं. लिही, ‘मूळ लेख न पाहता’.”

“मामा, पण...”

“मी सांगतो तसं लिही गं. निदान ही एक ओळ तरी मी स्वतः तपासलेली असू दे.”

मामीने जाता जाता त्याच्या केसांवरची धूळ झटकली. तिने टोमणा मारला नाही.

मग ढापणीला बोलावणं गेलं, आणि पुढचे दिवस मामाच्या जेवणाच्या टेबलावर त्याचाच जुना सूक्ष्मदर्शक ठाण मांडून बसला. जेवणं मांडीवर ताट घेऊन व्हायला लागली. पुडीतलं शेवाळ मोडून, चाळून, ढापणीच्या बारीक नजरेने त्यातले मनुके वेचले आणि काचपट्टीवर पाण्याच्या थेंबात सोडले. ते फुगले. अगदी लेखात लिहिल्याप्रमाणे लांब झाले, आरपार दिसायला लागले. पोट दिसलं, नख्या दिसल्या.  हे प्राणी वाळले तेव्हा आई शाळेत जात होती!

“हल ना रे,” ती पुटपुटली. “एकदा तरी हल. कोणी तरी विचारलंय.”

पाळीपाळीने पाहणं सुरू झालं. शाळेतून आल्यावर भिंगरी, मग ढापणी, बाकी वेळ मामा. कधीकधी मामीसुद्धा, “बघू, काय एवढं,” म्हणत यायची आणि भाजी करपेपर्यंत उठायची नाही.

काही हलत नव्हतं.

आणि एका दुपारी हललं! भिंगरी डोळा लावून होती. उजव्या बाजूचा पुढचा पाय. इतकासा. पापणी लवावी तितका. “मामा!” ती अशी किंचाळली की ढापणीच्या हातातलं पेन पडलं.

मामा धावत आला. पाहिलं. खूप वेळ पाहिलं. “आता तर स्थिर आहे.”

“हलला! मी पाहिला! शप्पथ!”

“त्याच वेळी मी खुर्ची ओढली होती,” मामी अपराधी चेहऱ्याने म्हणाली. “टेबलाला लागली वाटतं.”

भिंगरी पुन्हा वाकली. पाय जागच्या जागी. पाहिला होता, की पाहायचा होता म्हणून दिसला? खुर्ची आधी, की पाय आधी? ती जितकं आठवायला जाई, तितकं ते हातातल्या पाण्यासारखं निसटे. आणि तेव्हा तिला एकदम कळलं, ती लेखातली बाई कुठे बसली होती. अगदी इथे. ह्याच जागी, एक डोळा मिटून, घशाशी आलेलं ‘हलला’ गिळून. आणि मग तिने पेन उचलून लिहिलं होतं, वाटला. मला वाटला. केवढं बळ लागलं असेल तो एक शब्द लिहायला! सगळ्या जगाला आनंद होईल असं वाक्य समोर होतं, कोणी खोटं ठरवणारं नव्हतं, आणि तिने ते लिहिलं नाही.

“काय लिहू?” ढापणीने विचारलं. तिने पेन उचलून घेतलं होतं.

भिंगरी मागे सरकली. “लिही. एकीला एकदा पाय हलल्यासारखा वाटला. त्याच वेळी टेबलाला धक्का बसला होता. पुन्हा कोणालाही काही दिसलं नाही.”

सही करायच्या दिवशी दोघी मामाचा सूक्ष्मदर्शक काचपट्टीसकट बाळासारखा टॉवेलात गुंडाळून शाळेत घेऊन आल्या. सायकलवाली मुलं प्रयोगशाळेबाहेर उगाचच चाकात हवा भरत होती. बाईंनी आढावा वाचायला घेतला. संग्रहालयातलं शेवाळ भिजवणाऱ्या बाईचा लेख, मग तो कोणी कसा सांगितला त्याचा माग, त्यात मामाचं पुस्तक, पान, आणि ‘मूळ लेख न पाहता’. बाई तिथे थांबल्या. भिंगरीकडे पाहिलं.

“हे मामांनी वाचलं?”

“त्यानेच सांगितलं, बाई.”

बाई पुढे वाचत गेल्या. शेवटचा परिच्छेद त्यांनी दोनदा वाचला.

“शीर्षक गेलं म्हणायचं तुमचं.”

“हो बाई.”

“झोप राहिली, सकाळ काही झाली नाही. परीक्षक विचारतील, मग तुम्ही सिद्ध काय केलंत?”

“काहीच नाही,” भिंगरी म्हणाली.  “पण बाई, तिने विचारलं होतं. इतक्या जणांनी तिचं नाव लिहिलं आणि उत्तर कोणी दिलं नाही. आम्ही दिलं. काही दिसलं नाही, हेच उत्तर आहे. आता पुढचा कोणी आमचं वाचेल तेव्हा त्याला कळेल, दोन ठिकाणी पाहून झालंय.”

बाई उठल्या. टॉवेल बाजूला केला, आरसा खिडकीकडे वळवला आणि डोळा लावला. बाहेर मधल्या सुट्टीची घंटा झाली. मुलांचा लोंढा जिन्यावरून धडधडत खाली गेला. बाईंनी मान वर केली नाही. ढापणी चष्मा पुसायला लागली.

“चार्टवर नवीन शीर्षक रंगवा,” बाई तशाच वाकलेल्या म्हणाल्या. “पेन द्या इकडे, सही करते. उद्या सकाळच्या बसला वेळेवर या, दोघीही.”

भिंगरीने त्यांच्या हातात पेन दिलं. ते त्यांनी धरलं, पण कागदाकडे काही वळल्या नाहीत. दुसऱ्या हाताने त्या हलकेच, अगदी हलकेच भिंगाचा स्क्रू फिरवत होत्या.

“कुठला पाय म्हणालीस?”